अव्गोलेमोनो: अंडं आणि लिंबू घातलेलं ग्रीक चिकन सूप

या सुपात क्रीम नाही, दूध नाही, लोणीही नाही. तरी वाढल्यावर ते दाट, फिकट पिवळं दिसतं आणि जिभेवर मऊ लागतं. ही करामत अंड्यांची. चिकन उकडून त्याचं पाणी काढायचं, त्या पाण्यात तांदूळ शिजवायचे आणि शेवटी फेटलेली अंडी व लिंबाचा रस त्यात मिसळायचा, एवढीच कृती. पहिल्या तास-दीड तासात थोडं इकडचं तिकडे झालं तरी चालतं. शेवटच्या चार-पाच मिनिटांत मात्र घाई केली तर दाट सुपाऐवजी आंबट पाण्यात तरंगणारी भुर्जी पदरी पडते. बऱ्याच पाककृती हा भाग दोन ओळींत उरकतात, म्हणून इथे त्याच्याबद्दलच जास्त लिहिलंय.

ग्रीसमध्ये चिकनच्या सुपाला ‘कोटोसुपा’ म्हणतात. ‘अव्गोलेमोनो’ हे नाव अंडं-लिंबाच्या मिश्रणाचं, आणि ते ग्रीक स्वयंपाकात बऱ्याच ठिकाणी भेटतं. द्राक्षाच्या पानांत तांदूळ-खिमा गुंडाळून केलेल्या ‘दोल्मादेस’वर ते ओततात, तांदूळ घालून वळलेल्या खिम्याच्या गोळ्यांच्या ‘युवर्लाकिया’त घालतात, कोकराचं मांस आणि लेट्यूस एकत्र शिजवलं की त्यातही घालतात. सगळ्यात मानाची जागा ईस्टरच्या रात्री. ऑर्थोडॉक्स पंथाच्या लोकांचा मांस, अंडी, दूध वर्ज्य असलेला चाळीसहून जास्त दिवसांचा उपास त्या रात्री सुटतो. मध्यरात्रीची प्रार्थना आटपून घरी आल्यावर ‘मगिरित्सा’ पितात: कोकराचं काळीज-आतडी, लेट्यूस, पातीचा कांदा, शेपू, आणि शेवटी अव्गोलेमोनो. इतके दिवस बंद असलेली अंडी आणि मांस दोन्ही एकाच वाडग्यात परत येतात. चिकनचं सूप हे त्याचंच रोजच्या वापरातलं भावंड. थंडीत, सर्दी-तापात, पोट बिघडल्यावर घराघरांत होणारं.

ही पद्धत एकट्या ग्रीकांची नाही. तुर्कस्तानात तिला ‘तेर्बिये’ म्हणतात. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले सेफार्डी ज्यू मोठ्या संख्येने आजच्या ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत आणि ऑटोमन साम्राज्याच्या इतर शहरांत येऊन राहिले. त्यांच्याकडे ‘आग्रिस्तादा’ नावाचं अंडं-लिंबाचं सॉस आहे. अंड्याने दाट करायची युक्ती त्यांच्याबरोबर पूर्वेकडे आली असावी, असं खाद्यसंस्कृतीचे बरेच अभ्यासक मानतात.

सामान

चार-पाच जणांसाठी: सव्वा किलोची कोंबडी, कातडीसकट, शक्यतो अख्खी. सव्वादोन लिटर पाणी. एक मध्यम कांदा, एक गाजर, सेलरीच्या दोन काड्या पानांसकट. आठ-दहा काळी मिरी, मीठ. १०० ग्रॅम तांदूळ. ३ अंडी. ६० ते ८० मिलिलिटर ताजा लिंबाचा रस. एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल आणि वरून घालायला भरड मिरपूड.

आता एकेकाबद्दल. ग्रीक घरांत हे सूप पूर्वापार म्हाताऱ्या कोंबडीचं होत आलंय, जी अंडी द्यायची बंद झाली तीच. तिचं मांस चिवट, पण पाण्याला चव भरपूर. त्यामुळे गावठी कोंबडी मिळत असेल तर तीच घ्या, या सुपासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. ब्रॉयलरचंही चांगलं होतं, फक्त चिकनवाल्याला आधीच सांगायला हवं: कातडी काढू नका, बारीक तुकडे करू नका, मान आणि पाय बरोबर द्या. आपल्याकडे न सांगता बहुतेक ठिकाणी सोलूनच देतात. पायांतून आणि कातडीतून जिलेटिन सुटतं आणि अंडी घालायच्या आधीच पाण्याला अंग येतं. नुसत्या बोनलेस ब्रेस्टचं हे सूप करू नका. ते पाणचट होतं आणि मग लोक लिंबाला दोष देतात.

तमालपत्र घालायचं का? ग्रीक स्वयंपाकात जे पान घालतात ते भूमध्य समुद्राकाठच्या लॉरेल झाडाचं. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, त्याला वासही दालचिनी-लवंगेकडे झुकणारा. अख्खं पान टाकलंत तर सूप पुलावाची आठवण करून देईल. लॉरेलचं पान मिळालं तर एक टाका, नाहीतर काहीच नको. आलं-लसूण, हळद, जिरं, कोथिंबीर यांतलंही काही नको. हात आपोआप मिसळणाच्या डब्याकडे जातो, त्याला आवरा. या सुपात चिकन, अंडं आणि लिंबू या तीनच चवी यायला हव्यात. चौथी आली की पहिली दबते.

लिंबाचं गणित जरा नीट बघायला हवं. ग्रीसमधलं लिंबू मोठं, पिवळं आणि जाड सालीचं. पोरोस बेटासमोरच्या गालातास गावाजवळची लिंबांची राई ‘लेमोनोदासोस’ या नावाने प्रसिद्धच आहे. तसल्या एका लिंबातून ४०-४५ मिलिलिटर रस सहज निघतो. आपलं कागदी लिंबू १५-२० मिलिलिटर देतं आणि चवीला जास्त तीक्ष्ण असतं. म्हणून ‘दोन लिंबं’ असं मोजून उपयोग नाही, रस मोजा. कागदी लिंबू वापरत असाल तर ६० मिलिलिटरपासून सुरुवात करा, म्हणजे साधारण चार लिंबं. मोठं पिवळं लिंबू मिळालं तर ८० पर्यंत जायला हरकत नाही. रस आयत्या वेळी काढा, गाळून बिया काढून टाका आणि साल जोराने पिळू नका. काढून ठेवलेला रस कडवट होत जातो आणि अंड्याबरोबर तो कडवटपणा जास्तच कळतो.

तांदूळ आखूड आणि चिकट हवा. ग्रीक बायका सुपासाठी ‘ग्लासे’ किंवा ‘कारोलिना’ जातीचा घेतात. आपल्याकडे इंद्रायणी या कामाला फार छान, आंबेमोहरही चालेल, पण त्याचा स्वतःचा वास थोडा पुढे येतो. बासमती अजिबात नको. त्याचा दाणा सुटा राहतो, आणि इथे स्टार्च पाण्यात उतरायला हवा आहे. तांदळाऐवजी ‘क्रिथाराकी’, म्हणजे तांदळाच्या आकाराचा पास्ता, घालणारी घरंही आहेत. तो मॉलमध्ये ‘ओर्झो’ नावाने मिळतो.

अंडी फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढून ठेवा. आणि भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात लिंबू आणि अंडं गेलं की रंग करडा पडतो आणि धातूची चव उतरते.

पाणी काढणं

कोंबडी धुऊन पातेल्यात ठेवा, गार पाणी ओता आणि मध्यम आचेवर ठेवा. गार पाण्यापासून सुरुवात केली की मळी हळूहळू वर येते आणि काढायला सोपी जाते. उकळी फुटायच्या बेतात असताना वर करडा फेस जमेल, तो झाऱ्याने काढून टाका. फेस येणं थांबलं की कांदा (दोन तुकडे करून), गाजर, सेलरी, मिरी, ऑलिव्ह तेल आणि दोन छोटे चमचे मीठ घाला.

यानंतर आच मंद. पाण्यात एखाद-दुसरा बुडबुडा फुटत राहावा, खळखळ होऊ नये. खळखळून उकळलं की चरबी पाण्यात घुसळली जाते, पाणी गढूळ होतं आणि ब्रेस्टचं मांस दोरीसारखं होतं. गढूळपणा अंड्याने झाकला जाईल, तेलकट चव मात्र झाकली जात नाही. ब्रॉयलरला मंद आचेवर ४५ ते ५५ मिनिटं पुरतात. मांडीला सुरी टोचल्यावर येणारा रस गुलाबी नसावा. थर्मामीटर असेल तर मांडीच्या जाड भागात ७४ अंश सेल्सिअस. गावठीला दीड ते अडीच तास लागू शकतात, घड्याळापेक्षा मांडीचं मांस हाडापासून सुटतंय का ते बघा.

कुकर? गावठीसाठी बेशक लावा. शिट्ट्या आकारावर अवलंबून, सहा-सातपासून पुढे बघावं. ब्रॉयलर मात्र उघड्या पातेल्यातच करा, कुकरमध्ये तो पाणी बरं देतो पण मांस खाण्यालायक राहत नाही.

कोंबडी बाहेर काढा, झाकून ठेवा, कोमट झाली की मांस हाताने सोडवून मोठ्या तुकड्यांत ठेवा. पाणी गाळा. वरची चरबी ओगराळ्याने काढा, पण सगळी नाही. दोनेक चमचे राहू द्या, लिंबाच्या आंबटपणाला तिचा आधार लागतो. आता पाणी मोजा, पावणेदोन लिटरच्या आसपास हवं. कमी असेल तर साधं पाणी घाला, जास्त असेल तर आटवा. चव बघा. मीठ या टप्प्याला किंचित जास्त वाटलं तरी चालेल, कारण अंडी ते ओढून घेतात. अळणी पाण्यावर मात्र पुढे कितीही लिंबू पिळा, सूप नुसतं आंबट लागतं.

तांदूळ

गाळलेल्या पाण्याला उकळी आणा, धुतलेले तांदूळ घाला, आच मध्यम-मंद ठेवा आणि अधूनमधून तळापासून ढवळा. पंधरा ते वीस मिनिटांत दाणा मऊ होईल. आपण भाताला जेवढं शिजवतो त्याहून थोडं जास्तच शिजू द्या, कडा फुटू लागल्या पाहिजेत. कढी फुटू नये म्हणून आपण ताकात बेसन कालवतो, इथे तेच काम तांदळाचा स्टार्च करतो: गरम पाण्यात अंड्याची प्रथिनं एकमेकांना घट्ट चिकटायला जातात, तेव्हा तो मधे येतो. म्हणून अर्धवट शिजवलेल्या तांदळावर अव्गोलेमोनो करणं धोक्याचं.

गॅस बंद करा. झाकण न ठेवता आठ-दहा मिनिटं थांबा. हे थांबणं चुकवू नका.

अव्गोलेमोनो

आधी अंड्याचा स्वभाव समजून घेऊ. अंड्यातली प्रथिनं साठ अंशांच्या पुढे आळायला लागतात. पांढरा आधी, पिवळा बलक ६५ ते ७० अंशांच्या मधे. पण तीच अंडी भरपूर पाण्यात पसरलेली असली आणि सोबत स्टार्च असला, तर ती एकदम गोठत नाहीत. प्रथिनांची सैल जाळी तयार होते, तिच्यात पाणी अडकतं, आणि सूप दाट होतं. तापमान फार वर गेलं की जाळी आवळते, पाणी बाहेर ढकलते, आणि आपल्याला गोळे दिसतात. लिंबाच्या आम्लाने हा सगळा प्रकार थोडा लवकर सुरू होतो. म्हणजे आपल्याला हवी असलेली पट्टी अरुंद आहे: मिसळून झालेलं सूप साधारण ७५ ते ८० अंशांवर असावं. त्याखाली पातळ राहतं, त्याच्या बरंच वर फाटतं. अंडं खाण्यास सुरक्षित होण्यासाठी ७१ अंश पुरतात, तेव्हा ही पट्टी त्याही दृष्टीने ठीक आहे. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर मात्र अंदाजावर न जाता थर्मामीटर वापरा.

तीन अंडी एकेक करून वाटीत फोडून बघा आणि मग मोठ्या, खोल भांड्यात घ्या. व्हिस्कने किंवा काट्याने दोन-तीन मिनिटं जोरात फेटा. पांढऱ्याचे धागे दिसेनासे झाले पाहिजेत आणि वर फेस यायला हवा. पांढऱ्याची न फुटलेली एखादी गाठ राहिली तर तीच पुढे सुपात पांढरी चिंधी होऊन तरंगते. लोकांना वाटतं सूप फाटलं, खरं तर फेटणं कमी पडलेलं असतं.

आता फेटत असतानाच लिंबाचा रस बारीक धारेने घाला. मिश्रण फिकट आणि फेसाळ होईल. भांड्याखाली ओलं फडकं ठेवा म्हणजे ते हलणार नाही, कारण यापुढे दोन्ही हात गुंतलेले असणार.

पातेल्यातून तांदूळ टाळून एक ओगराळं गरम पाणी घ्या. उजव्या हाताने फेटत राहा, डाव्या हाताने ते पाणी अंड्यात ओता, बारीक धारेने, अगदी सावकाश. पहिलं ओगराळं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तेव्हा अंडी थंड आणि घट्ट असतात आणि एका ठिकाणी गरम पाणी साचलं की तिथेच शिजतात. पहिल्याला निदान अर्धं मिनिट द्या. दुसरं थोडं वेगात गेलं तरी चालेल. तिसरं, चौथं. एकूण अर्धा लिटर पाणी आत गेलं पाहिजे. भांड्याला बाहेरून हात लावून बघा, चांगलं गरम लागायला हवं. कोमटच असेल तर आणखी एक ओगराळं. अंडी किती गरम झाली यावर पुढचा सगळा खेळ आहे. कोमट मिश्रण पातेल्यात ओतणाऱ्यांचंच सूप जास्त फाटतं.

मग उलटा प्रवास. हे गरम मिश्रण पातेल्यात ओता, पुन्हा बारीक धारेने, आणि लाकडी चमच्याने पातेलं एकाच संथ गतीने ढवळत राहा. काही ग्रीक घरांत ओतताना तोंडाने मुका घेतल्यासारखा पुच-पुच आवाज करायची रीत आहे, त्याने अंडं फाटत नाही अशी समजूत. हसू येतं खरं, पण आवाज करत बसलेलं माणूस घाई करत नाही, हा फायदा आहेच.

मिश्रण गेलं की रंग बदलतो आणि मिनिटभरात अंग येतं. चमच्याची पाठ बुडवून त्यावर बोटाने रेघ ओढा, रेघ क्षणभर टिकली की झालं. पातळच वाटलं तर अगदी मंद आचेवर दोन-तीन मिनिटं, सतत ढवळत. कडेला वाफेचा पहिला बुडबुडा दिसायच्या आत बंद. आता सोडवलेलं चिकन घाला (ते फ्रिजमधलं गार नसावं, नाहीतर सूप एकदम थंडावतं), पुन्हा चव बघा. लिंबू कमी वाटलं तर आता वरून चमचाभर पिळता येतं. जास्त झालं तर काढता येत नाही.

नुसते बलक घ्यावेत की अख्खी अंडी, यावर ग्रीक घरांतही एकमत नाही. नुसत्या चार बलकांनी सूप जास्त गडद आणि रेशमी होतं, पण अंड्याची चव वर येते. काही जण पांढरं वेगळं घेऊन त्याचा घट्ट फेस काढतात, मग बलक, मग रस. त्याने सूप हलकं, फेसाळ होतं, पण तो फेस फार वेळ टिकत नाही, लगेच वाढावं लागतं. पहिल्यांदा करणाऱ्याने अख्खी अंडी घ्यावीत, आणि मनात धाकधूक असेल तर लिंबाच्या रसात एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर कालवून घ्यावं. शुद्धतेचा आग्रह धरणारे नाक मुरडतील. ग्रीसमध्येही अनेक घरांत ते घालतातच.

फाटलंच तर

लगेच पातेलं आचेवरून उतरवा आणि अर्धी वाटी गार पाणी किंवा बर्फाचे तीन-चार खडे घालून ढवळा, म्हणजे पुढचं शिजणं थांबेल. गोळे बारीक असतील तर पातळ भाग गाळून घ्या, त्यात शिजलेल्या भाताचे दोन मोठे चमचे घाला आणि मिक्सरमधून फिरवा. गरम द्रवाने मिक्सरचं भांडं अर्ध्याच्या वर भरू नका आणि झाकणावर फडकं दाबून धरा. भाताच्या स्टार्चने सूप पुन्हा एकजीव होतं. मूळच्यासारखा रेशमीपणा येत नाही, पण पाहुण्यांना कळत नाही. गोळे मोठे आणि रबरासारखे झाले असतील तर गाळून टाकून द्या आणि नवीन दोन अंड्यांनी पुन्हा सुरुवात करा. या वेळी नवीन लिंबू घालू नका, आधीचा आंबटपणा पाण्यात आहेच.

वाढणं आणि उरलेलं

खोलगट वाडग्यात गरम वाढा, वर भरड मिरपूड. जोडीला जाड सालीचा पाव, ऑलिव्ह, वाटलं तर ‘फेटा’ या ग्रीक चीजचा तुकडा. शेपू घालायची फॅशन बरीच दिसते. मगिरित्सामध्ये तो हक्काचा आहे, चिकनच्या सुपात घातला तर चिमूटभरच. आपला शेपू वासाला तिखट, मूठभर टाकलात तर बाकी काही लागणार नाही.

चिकन सुपातच घालायला हवं असंही नाही. बऱ्याच ग्रीक घरांत नुसतं तांदळाचं सूप आधी वाढतात, आणि कोंबडी मागाहून वेगळ्या ताटात, गाजर-बटाट्याबरोबर, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू पिळून. गावठी कोंबडीला ही रीत जास्त शोभते.

हे सूप ठेवून खायचं नव्हे. तांदूळ पाणी पीत राहतो, दुसऱ्या दिवशी त्याची लापशी झालेली असते. उरलंच तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा. गरम करताना थोडं पाणी घालून, मंद आचेवर, ढवळत, उकळू न देता. मायक्रोवेव्हमध्ये कडेचं आधी उकळतं आणि तिथेच फाटतं, तेव्हा तो टाळा. फ्रीझरमध्ये अजिबात नको. दोघांपुरतंच करायचं असेल तर सोपा मार्ग असा: चिकनचं पाणी गाळून तसंच ठेवा, ते फ्रीझरमध्ये महिना-दोन महिने छान राहतं. हवं तेव्हा त्यातलं अर्धं काढा, मूठभर इंद्रायणी शिजवा, आणि दीड-दोन अंड्यांचं अव्गोलेमोनो ताजं करा. पाणी तयार असलं की अर्ध्या तासात सूप ताटात.